प्रीमियमच्या आडून

गाडीच्या विम्याचा मेसेज माझ्या फोनवर आला, कारण गाडी बाबांच्या नावावर असली तरी सगळीकडे नंबर माझा दिलेला आहे. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांना फोनवरचे मेसेज वाचायचा कंटाळा येतो. वाचलाच एखादा, तर त्याला उत्तर द्यायला हवं असं त्यांना वाटतं. तेव्हा बँक, गॅस, विमा, सगळं माझ्याकडे येतं आणि मी संध्याकाळी त्यांना सांगते. त्या दिवशी मी शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेत, मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. पॉलिसीची मुदत संपत आली आहे, नूतनीकरणासाठी अमुक रक्कम भरा, असा मजकूर होता. रक्कम गेल्या वर्षीपेक्षा बरीच जास्त होती. ती का जास्त आहे हे मला लगेच कळलं आणि मी डबा परत बंद केला.

ते कारण सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

बाबा खडकीच्या कारखान्यात होते. सगळी नोकरी तिथल्या क्वार्टर्समध्ये राहून केली, आधी सायकलवर आणि मग स्कूटरवर. गाडी चालवायला ते शिकले साठी उलटल्यावर. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांनी गाडी घेतली, तेव्हा सासूबाई होत्या. त्या गेल्यावर बाबा खडकी सोडून आमच्याकडे बिबवेवाडीला आले, ते गाडीसकट. मी स्कूटरवर शाळेत जाते, माझा नवरा कंपनीच्या बसनं हिंजवडीला जातो. त्यामुळे गाडी खऱ्या अर्थानं बाबांचीच राहिली. सोसायटीतल्या दोन आजोबांना घेऊन ते सकाळी तळजाईवर फिरायला जायचे. रविवारी खडकीला, जुन्या मित्रांकडे. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, कुणाच्या नातेवाइकांना स्टेशनवरून आणायचं असलं, तर लोक बाबांकडे यायचे आणि बाबांना ते मनापासून आवडायचं.

विमा उतरवायच्या त्या खडकीच्याच एक काकू. त्यांचे यजमान बाबांबरोबर कारखान्यात होते. ते अकाली गेले, तेव्हा काकूंनी विम्याची एजन्सी घेतली आणि त्यावर घर चालवलं. बाबा त्यांना वहिनी म्हणतात, त्या बाबांना भाऊजी. बोलायला फटकळ, विसराळूही. एकदा आमची पावती त्या भलत्याच कुणाच्या घरी देऊन आल्या होत्या. पण दर वर्षी स्वतः घरी यायच्या, चहा घ्यायच्या आणि बाबांबरोबर तासभर क्वार्टर्समधल्या लोकांच्या चौकश्या करायच्या.

चार-पाच महिन्यांपूर्वी बाबांनी गाडी मागं घेताना सोसायटीच्या फाटकाच्या लोखंडी खांबाला लावली. मी शेजारी बसले होते. डावीकडचं मागचं दार आणि बंपर, दोन्ही चेपले. बाबा उतरले, दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कसा काय लागला हा?"

खांब कित्येक वर्षं तिथंच आहे. मला आधीची एक गोष्ट आठवत होती. काही आठवड्यांपूर्वी गंगाधामच्या चौकात डावीकडून एक दुचाकी आली होती. पुढं एक बाई, मागं शाळेच्या गणवेशातली मुलगी. मी "बाबा" असं ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. ती बाई वळून आमच्याकडे बघत निघून गेली. बाबांना ती दुचाकी दिसलीच नव्हती, अशी माझी खात्री होती. पण घरी आल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

गॅरेजवाल्यानं खर्चाचा अंदाज दिला, तेव्हा मी काकूंना फोन केला.

"एवढ्याशासाठी क्लेम टाकू नकोस," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं एकही क्लेम नाही तुमचा. म्हणून प्रीमियममध्ये घसघशीत सूट मिळते. एक क्लेम केलास की ती सूट गेली. खिशातून कर आणि मोकळी हो."

"काकू, मग इतकी वर्षं आपण भरतोय कशासाठी?" मी म्हणाले.

"मोठं काही झालं तर उपयोगी पडावं म्हणून. देव करो आणि न होवो."

बाबाही तेच म्हणत होते, जरा वेगळ्या कारणानं. "माझ्या हातून झालंय, मी देतो पेन्शनमधून," असं त्यांचं चाललं होतं. मला दोघांचंही पटलं नाही. पैसे भरायचे आणि हक्काचं मागायचं नाही, हा मला जुन्या लोकांचा भिडस्तपणा वाटला. मी काकूंना क्लेम करायलाच लावला. बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं, की काकू करून देणार आहेत, तुम्ही पेन्शनला हात लावू नका. काकूंनी नको म्हटलं होतं हे सांगितलं नाही. त्या वेळी त्यात काही लपवण्यासारखं आहे असं वाटलंही नव्हतं.

तर तो मेसेज आला, त्याच्या मागं हे सगळं होतं. प्रीमियम वाढला होता माझ्या हट्टामुळे.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. आम्ही तिघंच होतो. नवरा आमटी वाढून घेत होता.

"बाबा, गाडीच्या विम्याचा मेसेज आलाय. प्रीमियम खूपच वाढवलाय त्यांनी."

"का?"

इथं मी खरं सांगू शकले असते. काकूंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, असं एक वाक्य. नवरा थोडा चिडला असता, बाबा हसले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या दुचाकीवरची मुलगी आली, आणि ही संधी आहे असं मला वाटलं.

"गाडी ठोकली म्हणून," मी म्हणाले. "चालवणाऱ्याकडून असं काही झालं की कंपन्या वाढवतात."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे माझ्यामुळे."

मी आमटीचं भांडं जवळ ओढलं.

"मग मी चालवायचं बंद करतो," ते म्हणाले. "तुम्हाला उगाच भुर्दंड कशाला? तसंही आता गर्दी फार झालीये रस्त्यावर."

"तसं काही नाही हो बाबा," नवरा म्हणाला. "वाढला तर वाढला, भरू."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणते याची ते वाट बघत होते, हे मला स्वच्छ कळत होतं.

"तुम्हाला जसं बरं वाटेल तसं करा," मी म्हणाले.

जेवण झाल्यावर त्यांनी गाडीची किल्ली खिशातून काढून माझ्या हातात दिली आणि झोपायला गेले.

पुढचे दोन-तीन आठवडे मी नीट झोपले, हे आधी सांगायला हवं. बाबा बाहेर गेले की माझा एक कान रस्त्याकडे असायचा, तो आता नव्हता. शाळेत तास चालू असताना फोन थरथरला तरी मी तास संपल्यावरच तो बघायचे. झालं ते बरं झालं, असं मी स्वतःला सांगत होते.

पण बाबा घरात असायचे. सकाळी ते दोन आजोबा दाराशी आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाबा त्यांना म्हणाले, "गाडीचं जरा काम निघालंय. तुम्ही रिक्षानं जा, मी येतो नंतर." ते नंतर गेले नाहीत. आयुष्यात कधी कुणाला खोटं न सांगितलेला माणूस दारात उभा राहून खोटं बोलत होता आणि मी आत कणीक मळत होते. रविवारी खडकीला जायच्या वेळी त्यांचा पाय दुखायला लागला. त्याच्या पुढच्या रविवारीही दुखला. नवरा म्हणाला, मी सोडतो तुम्हाला. तर म्हणाले, "नको. तुला एकच सुट्टी मिळते."

एकदा संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे किल्ली मागितली. "बॅटरी उतरेल, जरा सुरू करून ठेवतो." मी बाल्कनीतून बघत होते. त्यांनी गाडीवरचं कव्हर काढलं, नीट घडी घातली, आत बसून इंजिन सुरू केलं. गाडी जागची हलली नाही. बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. बऱ्याच वेळानं इंजिन बंद केलं, कव्हर घातलं, त्याचे कोपरे ओढून सारखे केले आणि वर येऊन किल्ली मला परत दिली. मी ती घेतली. तुमच्याकडेच ठेवा, एवढं म्हणायला काही हरकत नव्हती. तेही मी म्हटलं नाही.

मग काकूंचा फोन आला.

"रिन्यूअलचं काय करायचं? मेसेज आला असेल तुला. रविवारी येते मी तिकडं, भाऊजींनाही बरेच दिवसांत भेटले नाहीये. खडकीला आले नाहीत ते हल्ली."

काकू आमच्या हॉलमध्ये बसून, चहाचा कप हातात घेऊन, बाबांसमोर काय बोलतील हे मला ऐकू येत होतं: मी तेव्हाच सांगितलं होतं हिला.

"काकू, रविवारी आम्ही घरी नाही," मी म्हणाले.

"मग शनिवारी येते."

"शनिवारी माझी शाळा असते. मी कळवते तुम्हाला."

"बरं," काकू म्हणाल्या. "मुदत संपायच्या आत कळव म्हणजे झालं."

नवऱ्यानं तोवर फोनवर दुसऱ्या कंपन्यांचे दर बघायला सुरुवात केली होती. त्याला अशा कामांची आवड आहे. त्याला तो विषय सहज म्हणून बघायचा होता; मी मात्र तो उचलून धरला. पॉलिसी ऑनलाइन काढली की कुणाला घरी यावं लागत नाही, कुणाशी बोलावं लागत नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एका कंपनीला मीच फोन लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "मॅम, मागच्या वर्षात काही क्लेम केलाय का?" मी हो म्हणून सांगितलं, कसला, केव्हा, सगळं. त्या अनोळखी मुलीशी खरं बोलणं किती सोपं होतं. फोन ठेवल्यावर मला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता, तो आठवला की आता कान गरम होतात.

क्लेम सांगितल्यावर त्यांचाही दर काही फार कमी आला नाही. काकूंच्या कंपनीपेक्षा कमी होता खरा, पण फरक एवढाच, की तिघांनी एकदा बाहेर जेवावं.

"एवढ्याशासाठी काकूंना सोडायचं?" नवरा म्हणाला. "क्लेमच्या वेळी त्याच तर धावल्या. यांच्याकडे काही झालं तर फोनवर गाणी ऐकत बसावं लागेल."

"एवढंसं असलं तरी आपलेच पैसे आहेत ना? आणि आज एवढे वाढवलेत, पुढच्या वर्षी आणखी वाढवतील. ओळखीपोटी किती वर्षं एकाच ठिकाणी राहायचं?"

"वाढवले ते क्लेममुळे. काकूंनी नाही वाढवले."

"तुला बदलायचं नसेल तर तसं सांग."

त्यानं फोन खाली ठेवला. "तुला झालंय काय? परवापर्यंत तुला विम्यातलं काही पडलेलं नव्हतं."

मी त्याला काही सांगितलं नाही. जेवणाच्या टेबलावर जे खोटं बोलले ते त्याच्यासमोरच बोलले होते. आता त्यालाही ते वेगळं समजावून सांगायला लागलं असतं. शेवटी तो म्हणाला, "कर मग तुला करायचं ते." मी त्याच दिवशी पैसे भरून टाकले. पॉलिसी लगेच फोनवर आली. काम झालं की हलकं वाटतं, तसं मुळीच वाटलं नाही.

बाबांना दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. ते पेपर वाचत होते.

"बाबा, विमा आपण दुसऱ्या कंपनीकडे केलाय. थोडा स्वस्त मिळाला."

त्यांनी पेपर खाली घेतला. "वहिनींना सांगितलंस?"

"मेसेज करते आज."

"मेसेज," बाबा म्हणाले. एवढंच. आणि पेपर परत वर घेतला.

मी शाळेतून मेसेज पाठवला. बरेच शब्द खोडून शेवटी दोन ओळी उरल्या. काकूंचं उत्तर आलं, "ठीक आहे."

त्या दिवशी घरी आले तर दाराला कुलूप होतं. बाबा मला न सांगता कुठं जात नाहीत असं नाही, पण त्या दिवसांत ते कुठंच जात नव्हते. फोन लावला तर तो घरातच वाजला. खाली जाऊन बघितलं, गाडी कव्हरखाली होती. त्या दोन आजोबांकडे विचारलं. त्यांतले एक म्हणाले, "सकाळी चांगले कपडे करून निघाले होते. गाडी अजून गॅरेजमध्ये आहे का हो?" आणि मग पार्किंगमधल्या गाडीकडे बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

अंधार पडायच्या आधी बाबा आले. मी दार उघडलं. त्यांनी चपला काढून कडेला लावल्या, खुर्चीत बसले, पाणी प्यायले.

"खडकीला गेलो होतो. स्वारगेटपर्यंत रिक्षा, पुढं मेट्रो. चांगली सोय आहे. गर्दी नव्हती." ग्लास त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. "वहिनींकडे गेलो होतो."

मी उभीच होते.

"माफी मागायला गेलो होतो मी. त्यांना म्हटलं, माझ्या हातून गाडी ठोकली, त्यामुळे प्रीमियम वाढला. पोरांना जड झालं, म्हणून त्यांनी बदललं. तुम्ही त्यांच्यावर राग धरू नका, दोष माझा आहे." ते थांबले. "त्या म्हणाल्या, भाऊजी, ठोकल्यानं नाही वाढत. क्लेम केल्यानं वाढतो. मी तिला नको म्हटलं होतं, तिला माहीत आहे सगळं."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"तुला माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"जेवताना बोललीस तेव्हासुद्धा?"

"हो, बाबा."

त्यांनी मान हलवली. चिडले नाहीत. चिडले असते तर मला काही तरी उत्तर देता आलं असतं.

"मी गाडी चालवू नये असं तुला वाटत होतं," ते म्हणाले. "तर तसं सांगायचं मला. मी भांडलो असतो. दोन दिवस बोललो नसतो तुझ्याशी. पण ते तुझं-माझं झालं असतं. प्रीमियमच्या आडून कशाला बोललीस?"

मला रडू यायला लागलं होतं, आणि रडले तर त्यांनाच माझी समजूत काढावी लागेल म्हणून मी ते दाबून धरलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. गंगाधामच्या चौकातली दुचाकी, मागं बसलेली ती मुलगी, फाटकाचा खांब. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही असं मला वाटतं, हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. म्हणायला काहीच अवघड नव्हतं.

बाबांनी टेबलावरचा ग्लास जरा पुढं सरकवला.

"ती दुचाकी मला खरंच दिसली नव्हती," ते म्हणाले. "तू ओरडलीस म्हणून ब्रेक लावला. कशासाठी ओरडलीस ते नंतर कळलं. मला वाटलं, तू ते विसरलीस. म्हटलं, आपण कशाला आठवण करून द्या?"

म्हणजे ती भीती त्यांनाही होती. एका घरात, एकाच टेबलावर जेवत, आम्ही दोघंही ती वेगवेगळी सांभाळत होतो. फरक इतकाच, की त्यांनी ती स्वतःजवळ ठेवली आणि मी तिची किंमत त्यांच्याकडून वसूल केली.

नवरा घरी आला तेव्हा बाबा आत टीव्ही बघत होते. मी त्याला स्वयंपाकघरात उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तू बाबांच्या काळजीनं चिडचिडी झालीयेस. मला तरी सांगायचंस." आणि हात धुवायला गेला. पुढचे काही दिवस तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलत होता, फक्त जरा जपून.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते लगेच तयार झाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, आधीच यायला हवं होतं. बाबांनी विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर गाडी चालवता येईल?" डॉक्टर म्हणाले, "का नाही? डोळा नीट बसू द्या, मी पुन्हा तपासेन. आणि मग दिवसाउजेडी चालवा." बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तिथल्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होते. एवढंच करायचं होतं. फाटकाचा खांब लागला त्याच आठवड्यात इथं यायचं होतं.

काकूंकडे मी एकटी गेले. बाबा येतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. काकू आता क्वार्टर्समध्ये नाहीत, खडकी बाजाराजवळ दोन खोल्यांत राहतात. त्यांनी दार उघडलं आणि मला बघून म्हणाल्या, "ये. वाट चुकलीस?"

मी बसले. काय बोलायचं ते रस्त्यात ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. "काकू, माझं चुकलं," मी म्हणाले.

"विमा बदललास त्यात कसली चूक? लोक रोज बदलतात." त्या शेंगा सोलत होत्या, हात थांबला नाही. "पण भाऊजी इथं येऊन हात जोडायला लागले, ते मला बघवलं नाही. मला काय माहीत, घरात तू काय सांगितलंयस. मी आपली बोलून गेले. ते गेल्यावर मला वाटलं, तोंड बंद ठेवायला हवं होतं."

"तुमचं काहीच चुकलं नाही."

"चुकलं कसं नाही? त्यांचा चेहरा तू बघितला नाहीस." त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "चहा घेशील ना?"

चहा पिता पिता मी म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्ही परत तुमच्याकडेच येऊ."

"कशाला? मी एजन्सी बंदच करणार आहे आता. गुडघे चालत नाहीत. तुम्ही गेलात तर एक काम कमी झालं. तू ते मनाला लावून घेऊ नकोस."

त्या उत्तरानं मला फार बरं वाटलं. परत येताना मेट्रोत मी ते मनात घोळवत होते. महिनाभरानं सोसायटीतल्या एक बाई लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांच्या गाडीचा विमाही बाबांच्या ओळखीनं काकूंकडेच आहे. त्या सांगत होत्या, "काकू आल्या होत्या रिन्यूअलला. एवढे गुडघे दुखतात, पण जिना चढून आल्या. लिफ्ट बंद होती ना तेव्हा. एजन्सी बंद कधी करणार विचारलं, तर म्हणाल्या, चालतंय तोवर बंद कशाला करू?" मी माझ्या मजल्यावर उतरले आणि दाराशी किल्ली शोधत उगाच उभी राहिले. आमच्या बिल्डिंगपर्यंत येऊन काकू आमच्याकडे आल्या नव्हत्या. मला मोकळं करायला त्यांनी ती एजन्सी बंद करायची गोष्ट सांगितली होती, आणि मी ती लगेच खरी मानली, कारण मला ती खरी हवी होती.

बाबांचं ऑपरेशन चांगलं झालं. काळा चष्मा लावून ते काही दिवस घरात बसले. मग डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिली. पहिल्या दिवशी नवरा शेजारी बसला, सोसायटीला दोन चकरा झाल्या. आता ते दोन्ही आजोबांना घेऊन तळजाईला जातात, रविवारी खडकीला जातात. अंधार पडायच्या आत परत येतात. डावीकडे वळताना पूर्वीपेक्षा जास्त मान वळवतात, हे मी शेजारी बसून बघितलंय. गाडी ते चांगली चालवतात. तशी ती ते आधीही चांगलीच चालवायचे, एक डोळा सोडला तर.

फक्त एक झालं आहे. बाहेर पडताना बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहतात.

"मी जाऊन येऊ ना?" ते विचारतात. "मोठ्या रस्त्यानं नाही जात, तिकडं गर्दी असते. आतल्या रस्त्यानं जातो."

त्यात टोमणा नाही. टोमणा असता तर तो मला कळला असता, आम्ही दोघंही इथलेच आहोत. ते खरोखर विचारतात. स्वतःच्या पैशांनी घेतलेली गाडी न्यायला सत्तरी ओलांडलेला माणूस माझी परवानगी मागतो.

"बाबा, असं विचारू नका हो मला," मी एकदा म्हणाले.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा दाराशी उभे होते. माझे हात पिठाचे होते. "जाऊ ना?" त्यांनी विचारलं, आणि मी म्हणाले, "जा ना बाबा, सावकाश या."